लहान एन, मोठा एन

सुरुवात माझ्या रजेच्या अर्जापासून करतो. तो अर्ज नसता तर हे काही मी वाचलं नसतं, की लिहिलं नसतं.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचं म्हणून तीन दिवस पाहिजे होते. सूतगिरणीत रिंग खात्यात मी बदलीवर आहे. बदलीवाल्याची रजा ती काय, आला नाही म्हणजे रजा. पण नवा नियम निघाला, अर्ज लिहून द्या. आणि मला खुमखुमी, अर्ज इंग्रजीतच देणार. शाळा नववीत सुटली. इंग्रजी शिकलो ते औषधाच्या बाटल्यांवरनं, मशीनवरच्या पाट्यांवरनं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन बाबासाहेबांचे इंग्रजी खंड उलगडत. एका पानाला एक रात्रपाळी जायची.

टाइम ऑफिसातल्या बाबूनं अर्ज सगळ्यांच्या देखत वाचला. हातात लाल पेन. इंग्रजीत 'मी' म्हणायला एकच अक्षर लागतं, आय. ते मी लहान काढलं होतं, वर टिंब दिलेलं. माझं नाव लहान अक्षरात, बापाचं नाव लहान, आडनाव लहान. मॅनेजर मात्र मोठ्या एमनं आणि सर मोठ्या एसनं. बाबू म्हणाला, "अरे, साहेबाला मोठं अक्षर द्यायचं तेवढं बरं कळलं तुला!" सगळे हसले. मीपण हसलो.

बाबू बरोबर होता, हेच जास्त लागलं. नियमानं माझ्या नावालाही मोठं अक्षर होतं. ते कुणी अडवलेलं नव्हतं. माझ्याच हातानं ते मला दिलं नाही आणि साहेबाला न सांगता देऊन टाकलं. हाताला हे कुणी शिकवलं? त्या रात्री बॉबिना बदलताना डोक्यात दुसरं काही येईना.

मग फुटपाथवरनं एक जुनं व्याकरण घेतलं. त्यातले नियम थोडक्यात असे. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं. माणूस, गाव, नदी, देश यांची नावं मोठ्या अक्षरानं सुरू. वार आणि महिने मोठे, पण ऋतू लहान. म्हणजे सोमवार मोठा, एप्रिल मोठा, उन्हाळा लहान. का, तर उत्तर नाही. भाषा, धर्म मोठे. देव एकच मानला तर मोठा, पुष्कळ मानले तर लहान. हे वाचून मी एकटाच हसलो. प्रेसिडेंट नावाच्या आधी चिकटला तर मोठा, नुसता आला तर बहुतेक ठिकाणी लहान. सगळ्याच्या बुडाशी एकच गोष्ट, जी आपण मराठीच्या तासाला शिकलो : विशेषनामाला मोठं अक्षर, सामान्यनामाला लहान.

छान. पण कोण विशेष आणि कोण सामान्य हे ठरवणारा कोण? तिथनं खरी गोष्ट सुरू होते आणि ती व्याकरणात नाही, इतिहासात आहे.

मूळचे रोमन लोक दगडावर कोरायचे ती सगळीच अक्षरं मोठी. रोममधल्या ट्राजन बादशहाच्या खांबावरचा इ. स. ११३ चा लेख आजही आहे, एकही लहान अक्षर नाही त्यात. हातानं भराभर लिहिता लिहिता अक्षरं गोल झाली, लहान झाली. इ. स. ८०० च्या आसपास शार्लमेन राजाच्या अमलात एक सुबक लहान लिपी युरोपभर पसरली. मोठी अक्षरं उरली ती मथळ्याला, वाक्याच्या तोंडाला, मान द्यायला. पुढं छापखाना आला. जुळाऱ्यापुढं लाकडी खणांच्या दोन पेट्या उतरत्या मांडलेल्या. वरच्या पेटीत मोठ्या अक्षरांचे खिळे, खालच्या पेटीत लहान अक्षरांचे. इंग्रजीत आजही या अक्षरांना 'अप्पर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात ते त्यावरनंच. खालची पेटी हाताजवळ, कारण सगळं काम तीच अक्षरं करतात. पानभर मजकुरात मोठी अक्षरं असतात किती? मूठभर. गिरणीत काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या 'आय'चंही असंच. जुन्या हस्तलिखितात एकटं लहान आय ओळीत हरवून जायचं, म्हणून लेखनिकांनी ते उंच काढायला सुरुवात केली आणि छापखान्यानं तेच पक्कं केलं. फ्रेंच माणूस 'मी' लहान लिहितो, जर्मनही लहान. जर्मनीत मात्र प्रत्येक नामाला मोठं अक्षर, खुर्चीला, कुत्र्याला, मालकाला, नोकराला, सरसकट.

इंग्रजीतही सतराव्या-अठराव्या शतकात तशीच रीत होती. १७८७ साली अमेरिकेची घटना लिहिली गेली ती याच रीतीनं. 'पीपल' मोठ्या पीनं. आणि लोकसंख्या मोजायचं कलम आलं तिथं 'पर्सन्स' हेही मोठ्या पीनं. स्वतंत्र माणसं पुरी मोजायची. 'इतर माणसं' पाचात तीन मोजायची. ही इतर माणसं म्हणजे गुलाम. गुलाम हा शब्दच त्या घटनेनं तोंडातून काढला नाही. बघा, त्या माणसाला पीचं मोठं अक्षर मिळालं आणि माणूस म्हणून तीन पंचमांश. हा नुसता लिहिण्याच्या रिवाजाचा भाग होता, मला माहीत आहे. तरी मी त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसलो.

१८५० आणि १८६० च्या शिरगणतीत तिकडे गुलामांची वेगळी पत्रकं भरली. मालकाचं नाव वर. खाली वय, बाई की बाप्या, रंग. गुलामाच्या नावाला रकानाच नव्हता. मोठं अक्षर द्यायचं की लहान, हा प्रश्न यायला आधी नाव तरी पाहिजे!

१८६५ साली गुलामगिरी कायद्यानं गेली. आता या माणसांना पेपरवाले 'नीग्रो' म्हणत. (हा शब्द आज तिकडे कुणी सहज तोंडात घेत नाही. मी त्या काळाचं सांगतोय म्हणून लिहितो.) आणि गोऱ्यांचे बहुतेक पेपर त्याचा एन लहान छापत. इटालियनचा आय मोठा, चायनीजचा सी मोठा, ज्यूचा जे मोठा, नीग्रोचा एन लहान. युक्तिवाद व्याकरणाचा. म्हणे नीग्रो हा रंगाचा शब्द आहे, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ काळा. रंगाला कुठं मोठं अक्षर असतं? सामान्यनाम आहे ते.

म्हणजे तुम्हीच माणसाला जहाजात कोंबून आणायचा, त्याचं गाव, भाषा, नाव, कूळ पुसून टाकायचं, त्याला रंगावरनं हाक मारायची आणि वर सांगायचं की तुझं नाव विशेष नाही. नियम नियमाच्या जागी बिनचूक.

१८७८ साली शिकागोत फर्डिनंड बार्नेट नावाच्या तरुणानं 'कन्झर्व्हेटर' नावाचं काळ्यांचं वर्तमानपत्र काढलं आणि त्याच वर्षी त्यात संपादकीय लिहिलं की आमचं नाव मोठ्या अक्षरानं लिहा. पोटाला अन्न नाही, दक्षिणेत माणसं झाडाला टांगून मारतायत, आणि हा माणूस एका अक्षराबद्दल अग्रलेख लिहितो. तेव्हाही कुणी हसलं असेल. पुढं १८९५ साली त्याचं लग्न आयडा बी. वेल्स यांच्याशी झालं. त्याच आयडा वेल्स, ज्यांनी या झुंडीच्या खुनांची एकेक नोंद गोळा करून जगापुढं मांडली. एका घरात दोन्ही कामं चालली. 'आधी भाकरी मग भाषा' असं सांगणाऱ्या आपल्यातल्या मित्रांसाठी मुद्दाम लिहितो.

मग ड्यू बॉइस. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचं नाव आपल्या पोरांना पाठ पाहिजे. १८९९ साली त्यांनी फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीचा घरोघर फिरून केलेला अभ्यास छापला. त्यात सुरुवातीलाच एका तळटीपेत सांगून टाकलं की मी हा शब्द सगळीकडे मोठ्या अक्षरानं लिहिणार, कारण ऐंशी लाख अमेरिकन माणसांचा एका मोठ्या अक्षरावर हक्क आहे. तळटीप, बरं का. अंगावर धावून जाणं नाही. पण पुस्तकभर प्रत्येक पानावर तो एन ताठ उभा.

१९१० पासून ते न्यूयॉर्कात 'क्रायसिस' मासिक चालवू लागले. १९१३ साली लेस्टर वॉल्टन या काळ्या पत्रकारानं असोसिएटेड प्रेस या बातमीसंस्थेकडे मोठ्या एनसाठी मागणी लावून धरली. आणि १९१३ सालीच एक बावीस वर्षांचा मुलगा मुंबईहून कोलंबिया विद्यापीठात शिकायला आला. ते विद्यापीठ हार्लेमला लागून आहे. १९१६ पर्यंत बाबासाहेब तिथं होते. त्या तीन वर्षांत त्या शहराचा सगळ्यात प्रतिष्ठित पेपर, न्यूयॉर्क टाइम्स, नीग्रो लहान एननं छापत होता. बाबासाहेबांच्या नजरेतनं ते सुटलं असेल असं मला वाटत नाही. पण हा माझा तर्क, पुरावा नाही.

१९२६ साली ड्यू बॉइस यांनी टाइम्सला विनंती केली. टाइम्सनं नकार दिला. काळ्यांच्या संघटनेनं, म्हणजे एनएएसीपीनं, संपादकांना पत्रांवर पत्रं पाठवायचा सपाटा चालू ठेवला. शेवटी ७ मार्च १९३० ला टाइम्सनं जाहीर केलं की इथून पुढं मोठा एन. हा निव्वळ छपाईतला बदल नाही, पिढ्यान्‌पिढ्या 'लोअर केस'मध्ये राहिलेल्यांच्या स्वाभिमानाची ही दखल आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. खालच्या पेटीतले खिळे आणि खालच्या पेटीतली माणसं. संपादकाला कोटी बरी सुचली. सुचायला इतकी वर्षं लागली. १९३३ मध्ये अमेरिकन सरकारी छापखान्यानंही मोठा एन घेतला. दक्षिणेतले बरेच पेपर पुढंही अडून बसले.

पण या सगळ्यात मला जो प्रसंग झोपू देत नाही तो १९२९ चा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या चौदाव्या आवृत्तीसाठी अमेरिकन नीग्रोंच्या इतिहासावर ड्यू बॉइस यांच्याकडून लेख मागवला. संपादकानं कळवलं, आमच्याकडे एन लहान असतो. ड्यू बॉइस यांनी खरमरीत उत्तर धाडलं की एवढ्या कोट्यवधी माणसांच्या नावाला लहान अक्षर हा मी माझा अपमान समजतो. संपादक नमला. मोठा एन कबूल. इथं आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

पुढं ऐका. संपादकानं लेखातनं यादवी युद्धानंतरच्या काळाचे सगळे उल्लेख कापले. गुलामगिरी गेल्यावर दक्षिणेत काळ्यांनी पहिल्यांदा मत दिलं, निवडून आले, शाळा उघडल्या, तो काळ. गोरे इतिहासकार त्याला अडाण्यांचा आणि लाचखोरांचा कारभार म्हणत. ड्यू बॉइस अडून बसले की निदान एवढं तरी छापा : काळ्यांच्या निष्ठेनं आणि काळ्यांच्या मतांनी दक्षिण पुन्हा देशात आली आणि सार्वजनिक शाळा उभ्या राहिल्या. संपादक म्हणाला, हे सोडून बाकी लेख उत्तम आहे. ड्यू बॉइस यांनी लेख छापू दिला नाही. १९३५ च्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या आपल्या ग्रंथात त्यांनीच हे सांगून ठेवलंय.

अक्षर दिलं, वाक्य नाकारलं. आपल्याकडे किती वेळा झालंय हे? चौकाला नाव मिळतं, टपाल तिकीट निघतं, भाषणात 'महामानव' म्हणतात, आणि पाणवठ्याचं, जमिनीचं वाक्य आलं की पेन्सिल निघते.

आणि हा माणूस अक्षरभोळा नव्हता. १९२८ मध्ये एका शाळकरी पोरानं 'क्रायसिस'ला पत्र लिहिलं की नीग्रो हा शब्दच गोऱ्यांनी लादलेला, तो टाकून द्या. ड्यू बॉइस यांनी त्याला समजावलं की नाव बदलून वस्तुस्थिती बदलत नाही, उद्या दुसरं नाव घेतलंस तरी तुच्छता त्या नावालाही चिकटेल. ज्यानं एका अक्षरासाठी तीस वर्षं घासाघीस केली तोच हे सांगतो. मला आधी यात विसंगती वाटली. आता वाटत नाही. पण तो पोरगाही मला पुरता चूक वाटत नाही, कारण पुढच्या पिढीनं त्याचंच ऐकलं.

त्याआधी १९४६. जुलैमध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. मी भारतातल्या अस्पृश्यांपैकी आहे, तुमचं लिखाण वाचत आलोय, दोघांच्या स्थितीत फार साम्य आहे, संयुक्त राष्ट्रांकडे तुमच्या लोकांनी जो अर्ज केलाय त्याच्या प्रती मिळतील का, असा मजकूर. ३१ जुलैला उत्तर आलं. त्या पत्रात अनटचेबल्सचा यू मोठा आणि नीग्रोजचा एन मोठा. बाबासाहेबांच्या १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्येही यू मोठाच आहे. खंड उघडून बघा.

साठीत तिकडचे तरुण म्हणाले, नीग्रो नको, ब्लॅक. मॅल्कम लिटल यानं तर मालकाकडून आलेलं आडनावच टाकलं आणि त्या जागी नुसतं एक मोठं अक्षर लावलं, एक्स. खरं आडनाव चोरीला गेलंय, त्याची ती जागा. १९६६ साली 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा गाजली, त्याच साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ मध्ये मुंबईत आपली दलित पँथर. हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण गंमत अशी की शब्द बदलला तशी जुनी अडचण परत आली. ब्लॅक हा तर उघड उघड रंग. बहुतेक गोऱ्या पेपरांनी बी लहान घातला. पन्नासेक वर्षं भांडून मिळवलेलं मोठं अक्षर जुन्या शब्दाबरोबर गेलं. काळ्यांची नियतकालिकं आपली मोठा बी छापत राहिली. १९८८ मध्ये किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी हार्वर्डच्या कायदेपत्रिकेत पुन्हा तळटीप घातली, ब्लॅक मोठा लिहिते कारण तो एक समाज आहे. पुन्हा तळटीपच! २५ मे २०२० ला मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या माणसाच्या मानेवर पोलिसानं गुडघा रोवून त्याला मारलं. रस्ते पेटले. १९ जून २०२० ला असोसिएटेड प्रेसनं मोठा बी जाहीर केला, जून संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सनंही. मग वाद, व्हाइटचा डब्ल्यू मोठा की लहान? असोसिएटेड प्रेस म्हणाली लहानच, कारण गोऱ्यांचा तसा एक सामायिक इतिहास नाही आणि वर्णवर्चस्ववाले तो मोठा लिहितात. वॉशिंग्टन पोस्टनं मोठा केला. काळ्या पत्रकारांच्या संघटनेनंही सगळेच रंग मोठे लिहा असं सुचवलं. मला विचाराल तर हे शेवटचं पटतं. लहान अक्षर म्हणजे 'आम्ही साधी माणसं, जात-रंग असतो तो तुम्हाला' असं होऊन बसतं. आपल्याकडे 'जात' म्हटलं की फक्त आपल्याकडे बघतात, तसं.

आणि एक बाई या सगळ्याच्या उलट गेली. ग्लोरिया जीन वॉटकिन्स. पणजीचं नाव घेऊन ती लिहू लागली, बेल हुक्स, दोन्ही शब्द लहान अक्षरात. नावाकडे नको, लिहिलंय त्याकडे बघा, असं तिचं म्हणणं. २०२१ मध्ये ती गेली. तिचं लहान बी आणि माझ्या अर्जातलं लहान अक्षर दिसायला सारखंच. पण तिनं ते निवडलं होतं.

आता कुणी म्हणेल, आपली नागरी बरी, तिच्यात मोठं-लहान काही नाही, क आणि म शेजारी शेजारी एका रेघेखाली. मीपण आधी असंच म्हणून खूश झालो होतो. मग आज्याची आठवण झाली. त्याचं नाव धोंडिबा. उभ्या गावानं त्याला धोंड्या म्हटलं, पोराटोरांनीसुद्धा. पाटलाच्या घरातला धोंडिबा तो धोंडिबाराव. मोठ्या अक्षराची गरजच काय? 'या' लावला की झालं. तिकडे १९६३ साली अलाबामाच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन या काळ्या मुलीनं, वकील नुसतं 'मेरी' म्हणतो, 'मिस हॅमिल्टन' म्हणत नाही तोवर उत्तर देत नाही, असं सांगितलं आणि कोर्टाच्या बेअदबीची शिक्षा घेतली. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. माझ्या आज्याला असं कोर्ट कुठं मिळालं नाही. सातबाराला नावच नव्हतं, तर धोंडिबा काय नि धोंड्या काय.

आपल्याच नावाचं बघा. दलित हा मराठीत साधा शब्द, विशेषण. इंग्रजीत गेला आणि मोठ्या डीनं विशेषनाम झाला. २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं वाहिन्यांना सूचना काढली की हा शब्द टाळा, अनुसूचित जाती म्हणा. आपल्यातही कुणाला बौद्ध म्हणवून घ्यायचंय, कुणाला दलित, त्यावर भांडू आपण, पुढच्या अंकात भांडू. पण ते भांडण आपलं आहे, खात्याचं नाही.

घटनेचा इंग्रजी पाठ काढून सतरावं कलम वाचा एकदा. पहिलाच शब्द 'अनटचेबिलिटी'. वाक्याच्या तोंडाला आहे, तेव्हा यू मोठा असणारच. पण दुसऱ्या वाक्यात तोच शब्द मधोमध आलाय, आणि तिथंही यू मोठा, अवतरणचिन्हांत धरलेला. व्याकरणानं तो सामान्य शब्द, लहान चालला असता. मला वाटतं आरोपी ओळीतनं सटकू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी असा पकडून ठेवलाय. कायदेपंडित काय म्हणतील कोण जाणे. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते ते तुम्हाला ठाऊक आहे.

अर्ज मी दुसऱ्या दिवशी परत लिहिला. आय मोठा, माझं नाव मोठं, बापाचं नाव मोठं. मॅनेजरचा एम लहान केला, तो पद म्हणून वाक्याच्या मध्ये आला होता आणि व्याकरणाच्या पुस्तकात तसं चालतं. बाबूनं या वेळी मोठ्यानं वाचला नाही. लाल पेन एमवर थोडा वेळ फिरलं आणि बाजूला गेलं. अर्ज मंजूर झाला. रजा बिनपगारी.